कुत्र्याला आंघोळ घातली की मोरी तुंबते? प्लंबरला फोन करण्याआधी हे बघा

घरात 32 किलोचा लॅब्राडोर, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आणि चार बाय पाचची न्हाणी, एवढं भांडवल असलं की माणूस आपोआप अर्धा प्लंबर होतो. गेल्या सहा वर्षांत आमची मोरी किती वेळा मोकळी केली ते मोजणं मी सोडून दिलंय. शिवाय आमच्याच अपार्टमेंटमधल्या बाकी तीन कुत्रेवाल्यांची, आणि इथंच कोल्हापुरात मंगळवार पेठेत मावशीच्या जुन्या घरातली. दर वेळी तक्रार एकच असते: “कालपर्यंत चांगली होती, कुत्र्याला आंघोळ घातली आणि तुंबली.” खरं तर कालपर्यंत चांगली नसते. ती महिना-दोन महिने भरत आलेली असते आणि आंघोळीच्या दिवशी उघडकीला येते.

आमच्या गबऱ्याचं पहिलं प्रकरण असंच उघडकीला आलं. रविवारी सकाळी त्याला साबण लावून झाला, पाणी भराभर जातंय म्हणून मी खुशीत, तेवढ्यात जिन्यातनं खालच्या काकूंची हाक: “अगं, तुझ्या कुत्र्याचा फेस आमच्या मोरीतनं वर आलाय बघ. नुसता फेस न्हाई, केसंबी हायत.” खाली जाऊन बघितलं तर त्यांच्या धुण्याच्या मोरीत पांढऱ्या फेसाचा ढीग आणि त्यावर गबऱ्याचे पिवळे केस. त्या दिवशी माझी मोरी साफ होती, तुंबला होता तो पाईप, खालच्या वळणावर. म्हणून हात घालायच्या आधी लक्षणं नीट बघा, त्यातच अर्धं काम होतं.

लक्षणं कोणती आणि ती काय सांगतात

- आंघोळ चालू असताना पाणी कुत्र्याच्या पंजांवर चढतं, पण पाणी ओतायचं थांबवलं की दहा-पंधरा मिनिटांत निघून जातं. माणसांच्या आंघोळीला काही त्रास नाही. अडथळा बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपमध्येच, म्हणजे जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातच असतो. कुत्र्याच्या आंघोळीला पाणी जास्त आणि एकदम लागतं, म्हणून तेव्हाच दिसतो.
- पाणी जातं, पण जाताना गुडगुड आवाज येतो. पाईप अर्धा भरलाय, किंवा गच्चीवर नेलेल्या हवेच्या पाईपचं तोंड कुणीतरी बंद केलंय. आमच्याकडे एकदा त्यावर पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण ठेवलेलं सापडलं.
- पाणी नीट जातं, पण आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांनी ओल्या गोणपाटासारखा कुबट वास सुटतो. केस आणि साबण आत कुजतायत.
- पाणी इथं ओतलं आणि वर आलं दुसरीकडंच: बेसिनखाली, वॉशिंग मशीनच्या भोकात, किंवा खालच्या मजल्यावर. दोष तुमच्या जाळीत नाही, पुढच्या पाईपमध्ये आहे.
- न्हाणीत पाणी ओतलं की संडासाच्या भांड्यातलं पाणी वर-खाली होतं. हा मोठा विषय आहे, थेट “कुठं थांबायचं” या भागाकडे जा.

एक खोटं लक्षणही सांगून ठेवते, कारण त्यापायी मी एकदा शेजाऱ्यांच्या घरी अख्खी दुपार घालवली. पाणी जाळीपाशी साचतंय की लांबच्या कोपऱ्यात? कोपऱ्यात साचत असेल आणि जाळी कोरडी दिसत असेल, तर मोरी तुंबलेलीच नाही. फरशीचा उतार चुकलाय. त्याला वायपर मारा नाहीतर गवंडी बोलवा, पण पाईपमध्ये तारा घालू नका.

जाळी आणि एक बादली पाणी

पहिली तपासणी फुकट आहे. जाळी उचला, तिच्या वरचे आणि खालचे केस काढा, जुन्या टूथब्रशनं भोकं घासा. लांब केसांचा कुत्रा असेल, म्हणजे पॉमेरेनियन किंवा शिह त्झू, तर केसांचा गुंता जाळीवरच अडकतो आणि डोळ्यांना दिसतो. आखूड केसांचा असेल, लॅब्राडोर, कारवानी किंवा साधा गल्लीतला, तर जाळी स्वच्छ दिसूनही फसवते. हे केस सुईसारखे सरळ, ते उभे होऊन भोकातनं आरामात खाली जातात. “आमच्या कुत्र्याचे केस बारीक आहेत, त्यानं काय तुंबतंय” असं म्हणणाऱ्यांच्याच मोऱ्या मी जास्त उपसल्यात.

मग जाळी बाजूला ठेवूनच एक पूर्ण बादली, साधारण 20 लिटर, एका दमात ओता आणि मोबाईलवर वेळ लावा. चांगल्या अवस्थेत आमची मोरी ती पाऊण मिनिटात गिळते. तुमच्या मोरीचा आकडा वेगळा असेल, पण तो एकदा, मोरी चांगली असताना, मोजून ठेवा. मी न्हाणीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलाय. त्यामुळं आज दीड मिनिट लागलं तर कुठंतरी भरायला सुरुवात झालीय हे पाणी तुंबायच्या महिनाभर आधी कळतं.

जाळी काढून पाणी झटकन गेलं आणि जाळी ठेवल्यावर अडलं, तर दोष जाळीचाच. बदलून टाका. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात स्टीलची जाळी घेताना जुनी सोबत न्या, मापात पाव इंचाचा फरक पडला तरी बसत नाही.

ट्रॅपमध्ये हात

इथं वेळ द्या. बहुतेक मोऱ्या इथंच मोकळ्या होतात आणि खर्च असतो फक्त रबरी हातमोज्यांचा.

जाळीखाली आत एक वाटी उलटी टांगलेली दिसेल, देव्हाऱ्यातल्या घंटेसारखी. काही ट्रॅपमध्ये ती जाळीबरोबरच वर येते, काहींत वेगळी फिरवून काढावी लागते, आणि काहींत ती नसतेच, नुसता वळलेला पाईप असतो. वाटीची कड खालच्या पाण्यात बुडालेली असते. ते दोनेक इंच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. पण तुमच्या आंघोळीच्या पाण्याला त्या कडेखालून वळसा घालून जावं लागतं, आणि वळसा आला की केस अडकला.

पहिल्यांदा मी हात घातला तेव्हा बोटांना लागलं ते केसांसारखं नव्हतंच. थंड, बुळबुळीत, भिजून फुगलेल्या शेवयांसारखं. ओढलं तर हातभर लांब दोरी बाहेर आली, करड्या रंगाची, मध्ये मध्ये साबणाचे पांढरट खडे, शाम्पूच्या पुडीचा कोपरा, आणि दोरीच्या टोकाला माझीच दोन महिन्यांपूर्वी हरवलेली केसांची क्लिप. त्या क्लिपेला धरूनच सगळा संसार वाढला होता. आणि नीट बघितलं तर दोरी गबऱ्याच्या केसांची नव्हती, माझ्या केसांची होती. लांब केस दोरी वळतात, कुत्र्याचे आखूड केस त्यात भरत जातात आणि साबणाची साय वरून लिंपते. त्या दिवसापासून मी सगळा दोष त्याच्यावर टाकायचं बंद केलं.

पद्धत अशी. आधी मगानं ट्रॅपमधलं साचलेलं पाणी जमेल तेवढं बाहेर काढा, म्हणजे आत दिसतं. मोबाईलचा टॉर्च कुणाला तरी धरायला सांगा, ओल्या हातात मोबाईल धरायचा उद्योग करू नका. वाटी काढा, तिची आतली बाजू घासा. मग बोटांनी आणि तारेच्या आकड्यानं केस वर ओढा. आकडा म्हणजे कपडे अडकवायचा तारेचा हँगर सरळ करून टोक अर्धा इंच वळवलेला. दातेरी प्लास्टिकची लांब पट्टीही मिळते, ती याहून चांगली. ती आत घालायची, थोडी फिरवायची, सावकाश ओढायची.

एकच पथ्य: आत ढकलू नका. काठीनं, झाडूच्या दांड्यानं, पाण्याच्या जोरदार नळीनं केस पुढं लोटले की पाणी लगेच मोकळं होतं आणि आपण खूश होतो. पण हात पोचत होता तिथला बोळा हात पोचत नाही तिथं गेलेला असतो. काकूंच्या मोरीत फेस आला तो माझ्या आदल्या महिन्यातल्या अशाच पराक्रमामुळं.

तळाशी हाताला रेती किंवा चिखल लागतोय का तेही बघा. ऊसतोड झाली की गबऱ्या कळंब्याच्या पुढच्या रानात लोळून येतो आणि काळ्या मातीचा थर अंगावर घेऊन येतो. ती माती ट्रॅपमध्ये बसते आणि केसांना बैठक देते. जुन्या चमच्यानं खरवडून काढा.

झाल्यावर वाटी परत बसवा. कटकट नको म्हणून ती कायमची काढून ठेवणारे खूप आहेत. मग आठ दिवसांनी “वास येतो, झुरळं येतात” म्हणून फोन करतात.

गरम पाणी, आणि त्याच्या नावाखाली चालणारे बाकी प्रयोग

केस काढल्यावर भिंतींना साबणाची साय उरते. त्यासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे आणि वरून हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी, अर्धी बादली, सावकाश. उकळतं पाणी नको. आपल्याकडचे पाईप बहुतेक पीव्हीसीचे असतात, उकळत्या पाण्यानं ते मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे त्यांना ही साय जास्त होते. जड पाण्यातला चुना आणि साबणाची वडी यांचं मिळून पांढरं न विरघळणारं काहीतरी तयार होतं, तेच बादलीच्या कडेलाही दिसतं. शाम्पूनं तसं होत नाही. कुत्र्याला वडीच्या साबणानं धूत असाल तर मोरीसाठी एवढा एक बदल करून बघा.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर ओतून मोरी मोकळी होते असे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. फसफसतं छान. पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळजवळ खारट पाणीच, आणि केसांना त्यानं ओरखडाही येत नाही.

ॲसिडबद्दल मात्र जरा कडक बोलते. फरशी धुवायचं ॲसिड केस विरघळवत नाही. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं, जाळी काळी करतं, आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत हे जिवावर बेतू शकतं. कॉस्टिकवाल्या ड्रेन क्लिनर पावडरीनं केस खरंच झिजतात, पण साचलेल्या पाण्यात ती विरळ होऊन जाते आणि पुष्कळदा खाली दगडासारखी घट्ट बसते. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर तीही खाते. वापरायचीच तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, एकदाच, इतर कशातही न मिसळता, आणि नंतर भरपूर पाणी सोडून. त्या दिवशी कुत्र्याला न्हाणीत येऊ देऊ नका, पंजे भाजतात आणि तो ते चाटतो. आणि पावडर टाकूनही पाणी हललं नाही तर त्यात हात किंवा पंप घालू नका. प्लंबरला आल्या आल्या सांगा, नाहीतर पहिला शिंतोडा त्याच्या डोळ्यात जातो.

रबरी पंप

ट्रॅप स्वच्छ आहे आणि तरी बादलीला वेळ लागतोय, तर अडथळा पुढच्या हात-दोन हातांत आहे. इथं रबरी पंप. रबराची कड बुडेल एवढं पाणी हवं, कोरडा पंप मारण्यात अर्थ नाही. त्याच पाईपला जोडलेली बाकीची तोंडं, म्हणजे बेसिन आणि मशीनचं भोक, ओल्या फडक्यानं घट्ट बुजवा. हे न केल्यामुळंच पंपाला यश येत नाही, आपण मारलेला सगळा दाब शेजारच्या भोकातनं निघून जातो. मग पंधरा-वीस वेळा सावकाश दाबा आणि जोरानं ओढा. काम ओढण्यात आहे. बोळा सैल होऊन मागं येतो, तो लगेच हातानं काढून घ्या.

दोन ठिकाणी पंप मारू नका. पेठेतल्या जुन्या घरांत भाजक्या मातीचे पाईप असतात, सांधे नुसते सिमेंटनं भरलेले. मावशीकडं मी कधीच मारत नाही. आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसत असेल तर वरून दाब देणं म्हणजे गळती मोठी करणं.

घराबाहेर बघा

तळमजला किंवा बंगला असेल तर ही तपासणी पंपाच्याही आधी केली तरी चालेल. न्हाणीचं पाणी बाहेर जिथं पडतं तो गली ट्रॅप आणि त्याच्या पुढचं चेंबर शोधा. एकानं आत फेसाचं पाणी ओतायचं, दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं.

फेस लगेच बाहेर आला आणि पुढं वाहून गेला, तर लाईन चांगली आहे, परत घरात जा. फेस बाहेर आलाच नाही, तर आतला पाईप तुंबलाय. चेंबर आधीच तुडुंब असेल, तर दोष त्याच्याही पुढं आहे आणि घरात कितीही घासलं तरी काही होणार नाही. गली ट्रॅपच्या जाळीवर आंब्याची नाहीतर बदामाची पानं आणि कुत्र्याचे केस यांची पोळी बसलेली असते, ती फावड्यानं उचलली की पुष्कळदा सगळंच सुटतं.

बऱ्याच जुन्या इमारतींत संडासाचा पाईप वेगळा आणि मोरीचा वेगळा खाली येतो. म्हणून दोन्हीकडं एकदम त्रास सुरू झाला तर अडथळा ते जिथं एकत्र येतात त्या चेंबरमध्ये किंवा पुढं असतो. हे तुम्ही प्लंबरला फोनवर सांगितलंत तर तो योग्य सामान घेऊन येतो.

पावसाळ्याचं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा फुगली की सखल भागातली गटारं मागं पाणी ढकलतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 आणि 2021 ला ते सगळ्यांनी बघितलंय. अशा दिवसांत नदीकाठच्या किंवा नाल्याजवळच्या घरात मोरी उलटी यायला लागली तर ते केसांमुळं नाही. तारा घालू नका, पंप मारू नका. भोकावर प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली वाळू ठेवा आणि कुत्र्याची आंघोळ पाणी उतरेपर्यंत लांबवा. त्याची काही तक्रार नसते.

शेवटचा घरचा उपाय: स्प्रिंग

पंधरा फुटी स्प्रिंगची तार हार्डवेअरमध्ये मिळते, हँडल फिरवत आत सोडायची. माझ्याकडं आहे, पण सहा वर्षांत चार-पाच वेळाच काढली असेल. एकाच दिशेनं फिरवत सोडा. अडली की तिथंच फिरवत राहा, रेटू नका. मग फिरवतच मागं घ्या, म्हणजे टोकाला केस गुंडाळून येतात. उलट्या दिशेनं फिरवलं तर तारेला पीळ पडून ती पाईपमध्ये अडकते, आणि मग केसांऐवजी तार काढायला माणूस बोलवावा लागतो. तीनदा तार घालून तीनदा मोकळीच आली तर बास.

कुठं थांबायचं

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली की हातमोजे काढा आणि प्लंबरला फोन करा:

संडासाचं भांडं आणि मोरी दोन्ही एकदम उलटी येतायत. खालच्या घरात तुमचं पाणी वर येतंय किंवा त्यांच्या छताला ओल आहे. तार एका ठरावीक जागी घट्ट दगडासारखी आपटते, म्हणजे फुटलेला पाईप, झाडाचं मूळ किंवा बांधकामाचं सिमेंट असू शकतं. मोकळी केलेली मोरी महिन्याभरात तिसऱ्यांदा तुंबली, म्हणजे पाईपला उतार नाही किंवा आत खड्डा पडलाय, आणि हा दोष केस काढून सुधारणार नाही.

अपार्टमेंटमध्ये उभा पाईप सगळ्यांचा असतो. तो उघडायचा तर सोसायटीला सांगून, आणि वरच्या मजल्यांवरच्यांना तासभर पाणी न सोडण्याची ताकीद देऊन. मी एकदा न सांगता खालचं झाकण उघडलं आणि तिसऱ्या मजल्यावर मशीन सुरू झालं. पुढचं सांगत नाही.

बाहेरच्या दीड-दोन फुटी चेंबरमध्ये वरून फावडं घालणं वेगळं आणि खोल चेंबर किंवा सेप्टिक टँक वेगळा. त्यात उतरायचं नाही, डोकं घालायचं नाही, आणि कुणा गरिबाला पैसे देऊन उतरवायचंही नाही. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. शिवाय हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. मशीनची गाडी मागवा.

मोरी मोकळी झाली, आता पुढची आंघोळ

केस कोरडे असताना काढायचे, ही एकच गोष्ट मनावर घेतलीत तरी वरचं निम्मं वाचायची वेळ येणार नाही. कोरडा केस हवेत उडतो आणि सुपलीत येतो. ओला झाला की तो मोरीचा झाला. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांना दुहेरी केस असतात, वरचे राठ आणि आतले कापसासारखे, आणि गळतात ते मुख्यतः आतले. मी आंघोळीआधी गॅलरीत जुना पेपर पसरून पंधरा मिनिटं रबरी ब्रश फिरवते. एका बैठकीत एक मध्यम वाटी भरून कापूस निघतो. चिखल लागला असेल तर धुवायची घाई करत नाही. काळी माती वाळली की ब्रशनं ढेकळं पडतात, तीच ओली असताना धुतली तर सगळी ट्रॅपमध्ये.

मग न्हाणीत. खाली रबरी मॅट, म्हणजे तो घसरत नाही. जाळीवर चहाची मोठी स्टीलची गाळणी उपडी, नाहीतर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून. एका आंघोळीत दोन-तीनदा ती भरते. भरली की पाणी थांबवायचं, केस काढून पेपरवर टाकायचे, मग पुढं. इथं कंटाळा करून गाळणी उचलून बाजूला ठेवली की सगळी मेहनत वाया. शाम्पू कुत्र्याचाच, तोही मगभर पाण्यात चमचाभर विरघळवून. थेट अंगावर ओतला तर फेस जास्त, तो धुवायला पाणी जास्त, आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर केस जास्त. महिन्यातून एकदा आंघोळ पुष्कळ होते. दर रविवारी धुणाऱ्यांच्या कुत्र्यांची कातडी कोरडी पडते आणि केस आणखी गळतात. मधल्या काळात ओला पंचा फिरवा. त्वचेचं काही असेल तर अर्थातच जनावरांच्या डॉक्टरांचं ऐका.

वेळही बघा. सकाळी नळाला पाणी आलं की सगळ्या मजल्यांवर धुणंभांडी एकदम चालू असतात आणि उभा पाईप भरलेला असतो. मी दुपारी दोनला घालते, ऊन असतं आणि पाईप रिकामा.

गच्चीवर नेऊन धुतो म्हणणाऱ्यांनी पावसाच्या पाण्याच्या भोकाकडं लक्ष द्यावं. आमच्या समोरच्या इमारतीत उन्हाळाभर दोन कुत्री गच्चीवर धुतली, आणि जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात गच्चीत घोटाभर तळं साचलं. भोकात केसांचा गालिचा होता. आणि रंकाळ्यावर नेऊन धुऊ का, असं विचारणारेही भेटतात. नको. तिथं आधीच केंदाळानं आणि सांडपाण्यानं वैताग आणलाय.

गोचिडाचं औषध पाण्यात घालून धुवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते पाणी विहीर, ओढा, तळं यांच्या आसपास ओतू नका, माशांना ते विष आहे. काढलेले गोचीड मोरीत सोडू नका. ते पाण्यात चटकन मरत नाहीत. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

राहिली एक जागा, जी मला स्वतःला उशिरा कळली. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी त्यांच्या कुत्र्याला फार्महाऊसवर धुतात, घरात कधीच नाही, तरी त्यांची मोरी दर दोन महिन्यांनी तुंबायची. मी तीनदा उपसली, तीनदा कुत्र्याचेच केस. चौथ्यांदा वॉशिंग मशीन चालू होतं आणि त्याच्या नळीतनं जाळीखाली भसाभस करडं पाणी पडत होतं. आत कुत्र्याची गोधडी होती. आता ते गोधडी आधी गच्चीच्या कठड्यावर झटकतात आणि मशीनच्या नळीच्या तोंडाला मोज्याचा तुकडा रबरबँडनं बांधतात. दर धुण्यानंतर तो उलटा करून कचऱ्याच्या डब्यात झाडतात, संडासात टाकत नाहीत, हे मी त्यांना दोनदा बजावलंय.